आयक्यू ७० की ७१? एका गुणावर माणसाचा मृत्युदंड ठरू शकतो का?

१९८३ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पोलिसांनी अर्ल वॉशिंग्टन नावाच्या एका शेतमजुराला पकडलं. चौकशीत तो विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला जवळपास 'हो' म्हणत गेला. त्यातच एका महिलेवरील बलात्कार आणि खुनाचीही कबुली होती.

गंमत म्हणजे ती महिला कृष्णवर्णीय होती, असं त्याने सांगितलं. प्रत्यक्षात ती गोरी होती. तरीही त्याला मृत्युदंड सुनावला गेला. १९८५ मध्ये शिक्षेला अवघे ९ दिवस उरले असताना ती थांबली. पुढे डीएनए चाचण्या झाल्या आणि २००० साली राज्यपालांनी त्याला या गुन्ह्यातून पूर्ण माफी दिली.

त्याचा आयक्यू साधारण ६९ होता.

न केलेला गुन्हा कुणी का कबूल करेल?

बौद्धिक अक्षमता असलेली अनेक माणसं समोरच्या अधिकाऱ्याला खूश ठेवण्यासाठी होकार देतात. वकिलाला बचावात मदत करणं त्यांना जमत नाही. कोर्टात त्यांचा निर्विकार चेहरा पाहून 'याला पश्चात्तापच नाही' असा समज होतो.

इथे एक फरक लक्षात घ्या. बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नाही. आजार कोणत्याही वयात होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता मात्र लहानपणापासून असते आणि ती ठरवताना तीन गोष्टी पाहतात: बौद्धिक क्षमता बरीच कमी असणं, रोजच्या व्यवहारात अडचणी येणं आणि हे सगळं मोठं होण्याआधीच सुरू झालेलं असणं.

मग कोर्टाने काय केलं?

२००२ मध्ये 'ॲटकिन्स विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी अशा व्यक्तींना मृत्युदंड देण्यावर बंदी घातली. याचा अर्थ त्यांना सोडून द्या, असा नव्हता. जन्मठेप देता येतेच. पण त्यांचा दोष सर्वांत कठोर शिक्षेइतका मोठा धरता येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

पण अक्षमता कशी ठरवायची, हे राज्यांवर सोडलं गेलं. घोळ इथेच झाला.

७० चा आकडा आला कुठून?

फ्लोरिडाने रेषा आखली: आयक्यू ७० किंवा त्याखाली असेल तरच पुढचे पुरावे बघायचे. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा एका चाचणीतला आयक्यू ७१ आला आणि दार बंद झालं.

अडचण अशी की आयक्यू चाचणी म्हणजे वजनकाटा नाही. तिच्यात साधारण ५ गुण इकडे-तिकडे होऊ शकतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरून फ्लोरिडाचा नियम रद्द केला.

टेक्सासची तऱ्हा वेगळी. तिथे 'तो नीट खोटं बोलू शकतो का', 'योजना आखतो का' असले निकष लावले जात. २०१७ मध्ये 'मूर विरुद्ध टेक्सास' निकालात कोर्टाने बजावलं की लोकांच्या समजुतींवर नाही, वैद्यकीय निकषांवर चला.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे अशी थेट बंदी घालणारा कायदा नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर मानसिक आजारामुळे फाशी रद्द केली, पण तो मुद्दा आजाराचा होता. २०२२ च्या 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश' निकालात मात्र कोर्टाने सांगितलं की फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यात आरोपीच्या मानसिक तपासणीची माहिती सरकारने सत्र न्यायालयापुढे ठेवावी.

हे गरजेचं का आहे? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए'ने २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांवर आधारित अहवाल काढला. त्यात सुमारे ११ टक्के कैद्यांमध्ये बौद्धिक अक्षमता आढळली.

म्हणजे प्रश्न फक्त दूर अमेरिकेतला नाही. बौद्धिक अक्षमता चेहऱ्यावरून दिसत नाही आणि जिला ती असते, ती व्यक्ती स्वतःहून सांगेलच असंही नाही. त्यामुळे तपासणी व्हायला हवी ती खटला सुरू असतानाच. शिक्षा अमलात आल्यावर अहवाल आला, तर तो कुणाच्याच कामाचा नाही.