राष्ट्रीय पुरस्कार आणि आपण

पाच सप्टेंबरला दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते शिक्षकांचा गौरव होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. आपल्या अभ्यासिकेतली मुले ते फोटो पाहून दोन प्रश्न हमखास विचारतात. हे पुरस्कार कोण ठरवते? आणि आपल्या सोनगीरच्या माणसाला असा पुरस्कार मिळू शकतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमावलीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे तर एका माणसाची हकीकत आधी सांगावी लागेल. त्याचे गाव आपल्यापासून लांब, पार चंद्रपूर जिल्ह्यात, आणि पीकही आपले नव्हे. भाताशी आम्हा खान्देशवासीयांचा संबंध बहुधा ताटापुरताच.

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे. (मराठवाड्यातील नांदेड ते वेगळे.) तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे दलित शेतकरी राहत होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल-३' जातीच्या भाताच्या शेतात त्यांना पिवळसर दाण्यांच्या दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर त्या इतर पिकाबरोबर कापून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, त्यांचे बी जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले, निवडले आणि पुन्हा पेरले. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यातून बारीक दाण्याचे, चवीला चांगले आणि भरघोस उतारा देणारे वाण तयार झाले. त्या काळी ज्याच्या मनगटावर एचएमटीचे घड्याळ तो माणूस रुबाबदार समजला जाई. त्या घड्याळावरून या तांदळाला 'एचएमटी' हे नाव पडले. आज आपल्या किराणा दुकानातही हा तांदूळ त्याच नावाने मिळतो.

पुढे काय झाले ते विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. १९९४ च्या सुमारास संशोधनासाठी म्हणून त्यांच्याकडून बियाणे नेण्यात आले. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने शुद्ध केलेले वाण 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने प्रसारित झाले, पण मूळ शोधकर्त्याचे श्रेय दादाजींच्या वाट्याला आले नाही. वाण देशातील अनेक राज्यांत पसरले, आणि ते ज्याने शोधले त्याच्याजवळ आपण ते शोधले हे दाखविणारा सरकारी शिक्क्याचा एकही कागद नव्हता. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येईल असा कायदा तेव्हा देशात झालेलाच नव्हता. तो २००१ साली झाला.

दादाजींना राष्ट्रीय मान्यता मिळाली ती नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनमुळे. मराठीत तिला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान म्हणतात. ही संस्था २००० साली गुजरातमध्ये स्थापन झाली. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील प्रा. अनिल गुप्ता यांनी खेड्यापाड्यांतून पायी शोधयात्रा काढून सामान्य माणसांच्या युक्त्या आणि शोध टिपण्याचे काम चालविले होते. त्या कामातूनच ती उभी राहिली. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे अध्यक्ष होते. ज्यांनी कोणत्याही तांत्रिक पदवीवाचून आणि कोणाच्याही मदतीवाचून काही नवे केले, त्यांच्यासाठी तिचा पुरस्कार आहे. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने ग्रामीण भारतातील उद्यमशील व्यक्तींच्या यादीत त्यांचे नाव घेतले. त्यांनी आणखीही काही वाणे निवडून काढली आणि त्यांपैकी काहींना आपल्या गावाचे नाव दिले.

मात्र सन्मानाने घर चालत नाही. अखेरच्या आजारपणात उपचाराचा खर्च कुटुंबाला झेपेना. ३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन झाले. ही बाजू आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण पुरस्कार म्हणजे सगळे प्रश्न सुटले अशी अनेकांची समजूत असते. पुरस्काराने नाव मिळते. वाणाच्या विक्रीतला वाटा मिळायचा असेल तर वेळेवर झालेली कायदेशीर नोंदणी लागते, आणि ती बाब वेगळी.

आता शिक्षकांकडे वळू. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. रौप्यपदक, प्रशस्तिपत्र आणि पन्नास हजार रुपये असे त्याचे स्वरूप आहे. पूर्वी वरून शिफारस यावी लागे. २०१८ पासून शिक्षकाला स्वतःच अर्ज करता येतो, आणि तो जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा तीन समित्यांपुढून जातो. खाजगी शिकवण्या घेणारा शिक्षक अपात्र ठरतो. हा नियम आम्हाला फार आवडतो. मात्र कंत्राटी शिक्षकही अपात्र ठरतो, आणि हे आम्हाला पटत नाही. आडवळणाच्या शाळा आज किती ठिकाणी अशाच शिक्षकांवर चालतात हे आपण पाहतोच. खेड्यातील जिल्हा परिषद शाळेचे काम कोठपर्यंत पोहोचू शकते याचे उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले. त्यांना २०२० साली दहा लाख डॉलर्सचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

विज्ञानातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार अनेक वर्षे देशात सर्वांत मानाचा समजला गेला. तो पंचेचाळीस वर्षांच्या आतील शास्त्रज्ञांसाठी होता. आपल्याकडचे डॉ. जयंत नारळीकर, डॉ. माशेलकर आणि डॉ. माधव गाडगीळ यांना तो मिळाला होता. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' ही नवी रचना केली. तिच्यात विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम असे चार प्रकार आहेत. भटनागरांचे नाव युवा प्रकाराला जोडलेले आहे. २०२४ साली पहिल्यांदा दिलेल्या ३३ पुरस्कारांत टीमचा मान चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला.

शाळकरी मुलांसाठी सर्वांत जवळची वाट म्हणजे 'इन्स्पायर अवॉर्ड मानक'. सहावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना शाळेमार्फत पाठवायच्या असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात आणि मग जिल्हा, राज्य व राष्ट्रीय प्रदर्शने होतात. येथे पालकांनी एक पथ्य पाळावे. कल्पना मुलाचीच असू द्यावी. बाजारातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणून कोणाचेही भले होत नाही.

आमच्यापैकी काहींनी असले अर्ज भरून पाहिले आहेत. मोठी अडचण येते ती पुराव्याची. काम केलेले असते, पण केव्हा केले, आधी काय होते आणि नंतर काय झाले याची नोंद नसते. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला न्यायालयीन कामासाठी आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दर ३१ जुलैला आपण तेथे वंदनेला जातो. तो माणूस वकील होता, आणि वकिलाला कागदाची किंमत सांगावी लागत नाही.

म्हणून एक साधी वही करावी. तारीख, काय केले, कशापासून केले, किती खर्च आला, काय फसले. फसलेलेही लिहावे, कारण परीक्षक तेच आधी विचारतात. जमल्यास फोटो लावावा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी सगळ्या खान्देशात जातात. ठोक्याच्या नुसत्या आवाजावरून पत्र्याची जाडी ओळखणारे कारागीर येथे झाले, पण त्यांनी हत्यारात केलेले बदल कोणी लिहून ठेवले? शेतात कपाशीची किंवा मिरचीची वेगळी ओळ राखणाऱ्या शेतकऱ्यानेही अशी वही करावी. प्रतिष्ठानाकडे साध्या कागदावर, मराठीतही माहिती पाठविता येते आणि त्यासाठी शुल्क नाही.

ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. अभ्यासिकेची मुले लिहून घेतील. येताना जुनी पावती, फोटो, बियाण्याची पुडी, जे असेल ते बरोबर आणावे.