कपड्याआधीचा कागद

इंदुरात वाढलेल्या मराठी माणसास कापडाचे नावीन्य ते काय? महेश्वरच्या मागांची कीर्ती अहिल्याबाईंच्या काळापासूनची, आणि आमच्या बालपणी दिवस उजाडे तो गिरणीच्या भोंग्याने. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. इतर गिरण्याही एकेक करून थंडावल्या. परदेशीपुऱ्याच्या बाजूस मात्र तयार कपडे शिवणारे लहानमोठे कारखाने आजही घरघरत असतात. हे सारे डोळ्यांसमोर असूनही, कपडा शिवण्यापूर्वी तो कागदावर लिहावा लागतो, हे आम्हास पन्नाशी उलटल्यावर कळले. तेही स्वतःच्या चुकीमुळे.

आमच्या शाळेच्या गणवेशांचे काम वस्तीतील अकरा भगिनींच्या एका बचत गटाकडे होते. आम्ही मागणीपत्र लिहिले : इयत्ता पाचवी, ४२ संच, सहावी, ३८, सातवी, ४६. खाली सही केली, शिक्का उमटविला. इयत्ता म्हणजे माप नव्हे, ही साधी गोष्ट मराठीत एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाच्या ध्यानात आली नाही! गणवेश आले तेव्हा एका मुलीच्या बाह्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या, आणि तिच्याच बाकावरच्या दुसरीचा हात मुंढ्यातून जाईना. १२६ पैकी ३७ संच परत गेले. उसवून सैल करावेत, तर शिवणीत माया पाव इंचाचीच. किती सोडावी हे कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून त्या बिचाऱ्यांनी कापड वाचविले होते. ते संच त्यांनी पदरमोड करून पुन्हा शिवले आणि त्यांचे बिल दोन महिने अडकले. गटातील एक बाई आमच्याच विद्यार्थिनीची आई. ती एवढेच म्हणाली, “सर, कागदावर होतं तेवढंच आम्ही शिवलं.”

हे बोल मनातून जाईनात. अखेर तयार कपड्यांच्या धंद्यात असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला आम्ही गाठले. त्याने एका साध्या शर्टासाठी तयार केलेली बारा पानांची चोपडी पुढे ठेवली. धंद्यात तिला ‘टेक पॅक’ म्हणतात. पहिल्या पानावर शर्टाच्या पुढच्या व मागच्या बाजूची सपाट आकृती. मग मापांचा तक्ता : छाती ३० इंच, आणि त्यापुढे अधिक-उणे अर्धा इंच, म्हणजे एवढी चूक क्षम्य. पुढील पानांवर कापड, दोरा, बटणे, काजांमधील अंतर, इंचात टाके किती, माया किती, टीप कोणती. टाक्यांनाही जगभर मान्य असलेले क्रमांक आहेत. आपल्या घरच्या यंत्राची साधी टीप म्हणजे ३०१. कापड धुतल्यावर शेकडा तीन आटणारे असेल, तर तीस इंचांतला जवळजवळ एक इंच पहिल्याच धुण्यात नाहीसा होतो. म्हणून त्याचाही हिशेब तेथे मांडलेला. शेवटी, एका मापावरून दुसऱ्या मापावर जाताना काय किती वाढवायचे याचा तक्ता. कारण छाती दोन इंच वाढली म्हणून गळा काही दोन इंच वाढत नाही.

आमच्या लहानपणच्या शिंप्यास यातले काही लागत नसे. माप घेणारा तोच, बेतणारा तोच, शिवणाराही तोच. कारखान्यात कापणारा एक, कॉलर लावणारा दुसरा, काज करणारा तिसरा. त्यांच्यात बोलणारा असतो तो हा कागदच. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी बेत विकावयास काढले, तेव्हा शिंप्याच्या डोक्यातील विद्या प्रथमच अशी घरोघरी गेली म्हणावयाची.

आता खर्चाचे. विद्यार्थ्याने सांगितलेला दर एका नमुन्यास ४,५०० रुपये. मुलींचा व मुलांचा गणवेश वेगळा, म्हणजे ९,०००. आम्ही दचकलोच! कागदाला एवढे? तो हसून म्हणाला, “सर, चित्र एका दिवसात होतं. पैसे जातात ते नमुना शिवण्यात, मुलाच्या अंगावर घालून बघण्यात, धुण्यात, उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात.” स्वस्तातला कागदही मिळतो, परंतु त्यात बहुधा कोणत्या तरी परदेशी तक्त्यावरून उतरविलेली मापे असतात. भारतीयांची स्वतःची मापे ठरविण्यासाठी राष्ट्रीय फॅशन संस्थेने पंचवीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी हाती घेतली, पण ती १५ ते ६५ वयाच्या माणसांची. आमची पाचवीतली पोरे त्यात कोठून असणार?

नऊ हजारांस १२६ ने भागले तर संचामागे ७१ रुपये पडतात. हे त्या भगिनींच्या मजुरीतून कापले असते, तर त्यांच्या हाती काय उरले असते? मोठ्या कारखान्यास हा प्रश्न पडत नाही. त्याच कागदावर तो दहा हजार नग काढतो आणि नगामागे रुपयाही पडत नाही. लहान धंद्याला कागद महाग वाटतो तो यामुळे, आणि म्हणूनच तो त्यावाचून काम करून ३७ संच पुन्हा शिवत बसतो.

यंदा आम्ही शेजारच्या तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना बरोबर घेतले. चार शाळांचे मिळून ५०० संच झाले. वाटा संचामागे १८ रुपयांवर आला. तो आम्ही चौघांनी आपसांत भरला. व्हरांड्यात मुलांना ओळीने उभे करून टेपने मापे घेतली, आणि तीन इयत्तांतून पाच मापे निघाली. कागद तयार होऊन आला तेव्हा गटातील भगिनींना बोलावून तो वाचून दाखविला. त्या विद्यार्थिनीच्या आईने सारे शांतपणे ऐकले आणि एका ठिकाणी बोट ठेवले. सलवारीच्या तळाची दुमड पाऊण इंच लिहिली होती.

“पोरी दिवाळीपर्यंत वाढतात, सर. इथे दोन इंच ठेवा, म्हणजे पुढल्या वर्षी सोडता येईल.”

आमच्या विद्यार्थ्याने खिशातून पेन्सिल काढली आणि तो आकडा बदलला.