लोकप्रशासनातील पदे आणि जबाबदाऱ्या : लेखांक ६ – वरिष्ठ कार्यक्रम विश्लेषक

मागील लेखांकात हिशेबतपासनीसाच्या कामाचा विचार झाला. मंजूर झालेली रक्कम नियमांप्रमाणे खर्च झाली की नाही, हा त्या कामाचा मुख्य प्रश्न असतो. परंतु प्रत्येक पावती बिनचूक असूनही ज्या लोकांसाठी योजना आखली त्यांच्या स्थितीत काहीच फरक पडला नाही, असे घडू शकते. योजनेचा हेतू कितपत साधला आणि साधला नसेल तर का, हे पुराव्यानिशी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला कार्यक्रम विश्लेषक म्हणतात. ‘कार्यक्रम’ या शब्दाने येथे कायद्याने निर्माण केलेली आणि सार्वजनिक निधीवर चालणारी योजना अभिप्रेत आहे.

अमेरिकेतील ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या संस्थेत हे काम सर्वांत स्पष्ट स्वरूपात दिसते. १९२१ मध्ये ‘जनरल अकाउंटिंग ऑफिस’ या नावाने स्थापन झालेली आणि २००४ मध्ये सध्याचे नाव मिळालेली ही संस्था काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी विधिमंडळाच्या, अखत्यारीत आहे, आणि तिच्या प्रमुखाची, म्हणजे कॉम्प्ट्रोलर जनरलची, मुदत १५ वर्षांची असल्याने त्याचे पद राष्ट्राध्यक्ष बदलले तरी हलत नाही. १९६७ मध्ये काँग्रेसने दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांची परिणामकारकता तपासण्याचे काम तिच्याकडे सोपवले आणि १९७० च्या कायद्याने योजनांचे मूल्यमापन हा तिच्या कार्याचा भाग ठरला. त्यानंतर लेखापालांच्या जोडीला अर्थशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ तेथे मोठ्या प्रमाणावर येऊ लागले.

या संस्थेतील वरिष्ठ विश्लेषक बहुधा एखाद्या तपासणीच्या दैनंदिन कामाचे नेतृत्व करतो. काँग्रेसच्या समितीकडून येणारा प्रश्न सहसा व्यापक असतो, म्हणून ज्यांची उत्तरे शोधता येतील अशा नेमक्या प्रश्नांत त्याचे रूपांतर करणे हे त्याचे पहिले काम ठरते. यासाठी एक आराखडा-तक्ता तयार होतो, ज्यात प्रत्येक प्रश्नासमोर लागणारी माहिती, तिचा स्रोत, अभ्यासपद्धती, त्या पद्धतीच्या मर्यादा आणि त्यातून अखेरीस काय म्हणता येईल, हे आधीच लिहिले जाते. यातील शेवटचे दोन रकाने विशेष महत्त्वाचे आहेत, कारण पुरावा जिथवर जातो त्यापुढे निष्कर्ष जाऊ नये, हे बंधन विश्लेषक काम सुरू होण्यापूर्वीच स्वतःवर घालून घेतो.

निष्कर्षाचीही चार अंगे ठरलेली आहेत : निकष, वस्तुस्थिती, कारण आणि परिणाम. समजा, एखाद्या योजनेत अर्जावर ३० दिवसांत निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. हा निकष झाला. निर्णयाला प्रत्यक्षात ९० दिवस लागतात, ही वस्तुस्थिती. दोन विभागांच्या संगणकप्रणाली एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, हे कारण. आणि अर्जदारांना मदतीशिवाय राहावे लागते, हा परिणाम. यांतील कारणाचे अंग सर्वांत कठीण असते, कारण ते चुकले तर शिफारसही चुकते. अहवाल लिहून झाल्यावर त्या तपासणीत सहभागी नसलेला दुसरा विश्लेषक प्रत्येक विधान आणि प्रत्येक आकडा मूळ पुराव्याशी ताडून पाहतो. आधार न मिळालेले विधान दुरुस्त करावे किंवा वगळावे लागते.

या शिस्तीचे एक अलीकडचे उदाहरण २०२४ मध्ये दिसले. फसवणुकीमुळे संघीय शासनाचे होणारे वार्षिक नुकसान २०१८ ते २०२२ या वर्षांच्या माहितीवरून २३३ ते ५२१ अब्ज डॉलरच्या दरम्यान असावे, असा अंदाज या संस्थेने मांडला. एकच ठसठशीत आकडा दिला असता तर मथळा सोपा झाला असता, परंतु उपलब्ध पुरावा एवढीच रुंद मर्यादा ठरवू शकत होता, आणि विश्लेषकांनी तीच ठेवली. राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील अर्थसंकल्प कार्यालयाने या अंदाजावर आक्षेप घेतले. ज्या विभागाची तपासणी झाली त्याला मसुदा दाखवून त्याचे म्हणणे अंतिम अहवालासोबतच प्रसिद्ध करण्याची प्रथा तेथे असल्यामुळे, वाचकाला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी मिळतात. पुढे शिफारशी अमलात आल्या की नाही याचाही पाठपुरावा होतो आणि प्रत्येकीची स्थिती जनतेसाठी खुली राहते.

भारतात हा विचार उशिरा आला असे नाही. सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी, १९५२ मध्ये, नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली आणि तिच्या आरंभीच्या काळात अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांनी तिचे नेतृत्व केले. २०१५ पासून हे काम नीती आयोगाच्या विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयाकडे आहे. मात्र ही दोन्ही कार्यालये कार्यकारी शासनाच्या अंतर्गतच राहिली, तर महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेसमोर ठेवण्याची व्यवस्था राज्यघटनेनेच केलेली आहे.

विश्लेषकाची बुद्धिमत्ता कितीही असली, तरी स्वातंत्र्य आणि अहवालाची प्रसिद्धी या दोन हमींवाचून तिचा समाजाला उपयोग होत नाही. म्हणून कोणत्याही योजनेच्या यशाचा दावा वाचताना निकष कोणता, वस्तुस्थिती कोणी तपासली, कारण कशावरून ठरवले आणि परिणाम कोणावर झाला, हे चार प्रश्न प्रत्येक नागरिकाने विचारावेत.

(पुढील लेखांकात : संख्याशास्त्रीय अधिकारी आणि नमुना पाहणी)