चासी दणकट, पण हौद्यातल्या माणसाचे काय?

ठाकूरद्वार नाक्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, की चिराबाजारकडे मासळी आणि भुलेश्वरकडे माल घेऊन निघालेले पिकअप एकामागून एक दिसतात. त्यांच्या चालक-मालकांत एक वाद कायम रंगतो : कोणत्या गाडीची चासी जास्त दणकट? प्रश्न यंत्राचा खरा, पण त्याचे अर्धे उत्तर अपघात विभागात मिळते.

बोलेरो पिकअप, टाटा योधा, इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स या साऱ्यांचा सांगाडा एकाच जातीचा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे आडवी ठेवलेली शिडीच. केबिन आणि हौदा त्यावर बोल्टने बसवतात. तुळई एका बाजूने उघडी असेल तर खड्ड्यात ती थोडी पिळते आणि गंजही लवकर नजरेस पडतो. चारही बाजूंनी बंद तुळई पिळाला खूप जास्त विरोध करते. पण आत पाणी साचले तर ती आतून पोखरली जाते आणि बाहेरून कळत नाही.

पोलाद एकाच मोठ्या ओझ्याने क्वचित मोडते. बहुधा ते रोजच्या हादऱ्यांनी थकते. आपल्या हाडांचेही तसेच आहे. सतत कवायत करणाऱ्या सैनिकांच्या पायाच्या हाडांना बारीक तडे जातात, हे 1855 मध्येच एका प्रशियन लष्करी डॉक्टरने नोंदवले होते. फरक इतकाच, की विश्रांती दिली तर हाड स्वतःला सांधते. चासीतला तडा मात्र रोज पुढेच सरकतो. वर जाड वेल्डिंग मारले, तरी उष्णतेने शेजारचे पोलाद कमजोर होऊन पुढचा तडा तिथे जाऊ शकतो.

दुसरा शत्रू मीठ. अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे चासी गंजल्याच्या तक्रारींवरून टोयोटाला 2016 मध्ये सुमारे 15 लाख गाड्यांबाबत मोठी तडजोड करावी लागली. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण समुद्राची हवा आहे आणि मासळीच्या क्रेटमधून खारे पाणी थेट चासीवर ठिबकते. ब्रेकच्या नळ्या याच चासीला धरून जातात, हे विसरू नये.

तिसरे, जास्तीचा माल. पाटे वाढवले की गाडी मागून खाली बसत नाही, म्हणून ती जास्त वजन पेलते असे वाटते. प्रत्यक्षात चासी, ब्रेक आणि टायर तेच राहतात.

आता मुख्य मुद्दा. दणकट चासी म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे. टक्कर होते तेव्हा गाडीचा पुढचा भाग चुरगळला तर धक्का वाटला जातो. ताशी 40 किलोमीटर वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर पट्टा बांधलेल्या शरीरावर वजनाच्या साधारण 12 पट बल येते. 20 सेंटिमीटरमध्ये थांबली तर 30 पटींहून अधिक. म्हणून अजिबात न वाकणारी चासी माल वाचवते, माणूस वाचवेलच असे नाही.

हौद्यात बसलेल्याला तर पट्टाही नसतो. त्याच वेगाने फेकले जाणे म्हणजे सुमारे सहा मीटरवरून, दुसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे. मेंदूला मार, मानेचा मणका मोडणे, फुटलेले प्लीहा आणि चिरडलेली ओटीपोटाची हाडे अशा जखमा त्यातून होतात. ऑगस्ट 2025 मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप दरीत कोसळला आणि अनेकींचा जीव गेला. लग्नाचे वऱ्हाड, शेतमजूर, विसर्जनाची मंडळी यांना आपण आजही असेच नेतो.

पिकअप घेताना चासीची तुलना जरूर करा. पण नोंदणीपत्रावरचे एकूण वजन, ब्रेक, एअरबॅग आणि पट्टेही पाहा. मासळी वाहून झाल्यावर चासी गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्याआधी आणि नंतर गाडी वर उचलून तुळया, सांधे आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. तडा दिसला तर नाक्यावर जोड न मारता अधिकृत वर्कशॉप गाठा. आणि हौदा मालासाठी ठेवा. माल फुटला तर भरपाई मिळेल. मज्जारज्जू तुटला तर तो आम्हाला सांधता येत नाही.