नवा उद्योजक आणि सरकारचें साह्य

इ. स. १८७० मध्यें जलंब स्थानकापासून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणि तेथून विलायतेस लवकर पोंचावा, हा त्याचा मुख्य हेतु. खामगांवची पेठ त्यानें भरभराटीस आली. परंतु कापसाचें सूत आणि सुताचें कापड करण्यांतला मोठा नफा बहुतांशीं दूरच राहिला. व्यापाराला वाट करून देणें निराळें आणि उद्योगाला उभें करणें निराळें, हा भेद बुलढाणा जिल्ह्यानें असा फार लवकर अनुभवला.

पुढें १९१६ सालीं सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक आयोग नेमला गेला. उद्योगधंद्यांच्या वाढींत सरकारनें स्वतः लक्ष घालावें, असा अभिप्राय त्यानें १९१८ मध्यें दिला. आज तें तत्त्व कोणी नाकारीत नाहीं. वाद उरतो तो साह्य केव्हां आणि कोणत्या रूपानें द्यावें, एवढाच. कोरडवाहू कापूस व सोयाबीन यांवर संसार चालणाऱ्या जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ मध्यें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं पंतप्रधानांनीं मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. एक पीक बुडालें तर घराला दुसरा आधार असावा, ही येथील निकड आहे.

उद्योगाची बाल्यावस्था नाजुक कां असते? जुन्या कारखानदारापाशीं तारण असतें, हिशेबाच्या वह्या असतात आणि बांधलेलें गिऱ्हाईक असतें. नवख्यापाशीं यांतलें कांहींच नसतें. कल्पना चांगली असली तरी कल्पना गहाण ठेवून घेणारी पेढी कोठें आहे? ही उणीव भरून काढणें, हेंच सरकारचें पहिलें काम होय.

एक उदाहरण घेऊं. मेहकर तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत एका स्त्रीला दहा लाख रुपये खर्चून डाळीची गिरणी घालावयाची आहे, असें समजा. २००८ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणें तिनें स्वतःचे पन्नास हजार घालावे, उरलेले साडेनऊ लाख बँकेनें द्यावे, आणि ग्रामीण भागांतील स्त्रीस मिळणारें ३५ टक्के अनुदान, म्हणजे साडेतीन लाख, सरकारनें द्यावें, अशी योजना. मात्र हें अनुदान हातीं पडत नाहीं. बँक तें तीन वर्षें ठेव म्हणून राखते. तेवढ्या रकमेवर कर्जाचें व्याज लागत नाहीं. आणि गिरणी खरोखर चालूं आहे, अशी तपासणी झाल्यावर तें कर्जांत वळतें होतें. कागदावरच्या गिरण्यांना आळा बसावा, यासाठीं ही अट. आणि ती योग्यच आहे.

तथापि येथेंच दुसरी अडचण दिसते. तुरीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, आणि डाळ विकावयाची वर्षभर. यंत्रें आलीं तरी तूर भरण्यास पैसा नसेल तर गिरणी बंदच राहील. यास्तव खेळत्या भांडवलाचा विचार यंत्रांच्या बरोबरीनेंच झाला पाहिजे. तारणाशिवाय दिलेल्या कर्जाला हमी देणारा निधि २००० सालीं स्थापन झाला, तो अशाच प्रसंगासाठीं.

तिसरी अडचण वसुलीची. माल गेला, पैसा अडकला, कीं लहान धंदा गुदमरतो. २००६ च्या कायद्यानें लहान उद्योगांचें देणें फार तर ४५ दिवसांत चुकतें करण्याचें बंधन घातलें असून विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरविलें आहे. परंतु मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्यास लहान माणूस धजत नाहीं. म्हणून सरकारनें स्वतःच चोख गिऱ्हाईक व्हावें, हें उत्तम. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणांत लहान उद्योगांचा वांटा प्रथम २० टक्के होता. २०१८ मध्यें तो २५ टक्के करण्यांत आला.

अगदीं नव्या शोधावर उभारलेल्या धंद्याची, म्हणजे ज्याला स्टार्टअप म्हणतात त्याची, गोष्ट आणखी निराळी. तेथें वस्तु बनेल कीं नाहीं, हीच शंका असते. कर्जाचें ओझें त्याला झेपत नाहीं. त्यासाठीं केंद्रानें २०१६ मध्यें आणि महाराष्ट्रानें २०१८ मध्यें स्वतंत्र धोरण आंखलें. २०२१ च्या बीज निधि योजनेंत पहिला नमुना करून पाहण्यास वीस लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली. पण तें निवडक संवर्धन केंद्रांमार्फत मिळतें, आणि अशीं केंद्रें बहुधा मोठ्या शहरांत असतात. चिखली वा मलकापूरच्या तरुणाला पुण्याची वाट धरावी लागली, तर साह्य मिळूनही जिल्हा रिकामाच राहावयाचा.

१९७८ पासून देशांत जिल्हा उद्योग केंद्रें निघालीं; बुलढाण्यासही तें आहे. किती प्रकरणें मंजूर झालीं यावर त्यांच्या कामाचें मोल करूं नये. पांच वर्षांनंतर किती धंदे चालूं राहिले व त्यांनीं गांवांतल्या किती हातांना काम दिलें, यावरच तें केलें पाहिजे. सरकारनें उद्योजकाचें धाडस स्वतःच्या अंगावर घेऊं नये. पण पहिल्या ठेचेसरशीं त्याचें घरदार लिलावांत जाऊं नये, एवढी तजवीज तरी त्यानें अवश्य करावी.