ओठातला निळसर फोड

पोरांनो, वरण-बट्टीच्या ताटात कुणी लिंबू पिळताना दिसलं, तरी तोंडाला पाणी सुटतं ना? ते पाणी येतं कुठून, त्याचीच आजची गोष्ट.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या. एक कानांपुढे, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. पण खरी गंमत आहे बारक्या ग्रंथींची. ओठ, गाल, टाळू, जीभ मिळून त्या ६०० ते १००० भरतात! खोटं वाटतं? आरशासमोर उभे राहा. खालचा ओठ उलटा करा, स्वच्छ रुमालानं पुसा आणि जरा थांबा. कोरड्या केलेल्या जागेवर बारीक बारीक थेंब उगवायला लागतील. जिथं थेंब, तिथं एका ग्रंथीच्या नळीचं तोंड.

आता शेतातली ठिबकची नळी आठवा. उंदरानं ती कुरतडली की पाणी झाडाला मिळत नाही, भलतीकडेच साचतं. ओठातही तेच होतं. घाईघाईत जेवताना ओठ दाताखाली आला, की कधी कधी आतली बारीक नळी तुटते. ग्रंथी मात्र काम थांबवत नाही. तिची बुळबुळीत लाळ बाहेर यायची सोडून आतल्या आत साठते. शरीर तिच्याभोवती पेशींचं कुंपण घालतं आणि ओठाच्या आत मऊ, निळसर, चकाकता फोड येतो. डॉक्टर त्याला ‘म्युकोसील’ म्हणतात. तो सहसा दुखत नाही आणि लहान मुलांत व तरुणांत जास्त दिसतो. असाच फोड जिभेखाली आला तर त्याला ‘रॅन्युला’ म्हणतात. तो चांगलाच मोठा झाला, तर जीभ वर उचलतो आणि बोलायला-गिळायला त्रास देतो.

ओठातला फोड मोठा लबाड. फुटला, लाळ वाहून गेली, की माणूस म्हणतो, सुटलो! काही दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. छोटे फोड कधी आपणहून जिरतात. पण वारंवार येणाऱ्या फोडाबरोबर डॉक्टर त्याची ग्रंथीही काढतात. ओठावरचं हे काम जागा बधिर करून होतं. एक ग्रंथी गेली म्हणून तोंड कोरडं पडत नाही. बाकीच्या शेकडो आहेतच.

तेव्हा फोड सुईनं टोचू नका आणि ओठ चावायची सवय सोडा. तोंडातली कुठलीही गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. अशी जखम कर्करोगाचीही असू शकते, म्हणून घरात कुणी तंबाखू खात असेल, तर त्यांना हे आधी सांगा.