पाचारण आणि पोटाचा धंदा

शाळा सोडण्याची वेळ जवळ आली म्हणजे वडीलधारीं माणसें प्रत्येक विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारतात: ‘पुढें काय होणार?’ उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. डॉक्टर, वकील, इंजिनियर. एखाद्यानें धर्मसेवा पत्करली तर त्याला ‘पाचारण’ झालें असें आपण आदरानें म्हणतों. परंतु जो गवंडी, शिंपी किंवा स्वयंपाकी होतो त्याला पोटाचा धंदा मिळाला, एवढेंच म्हणतों. हा भेद कोठून आला, व तो ख्रिस्ती शिकवणुकीस धरून आहे काय, हें येथें पाहावयाचें आहे.

भेद जुना आहे खरा. प्रभु येशूस नासरेथचे लोक सुतार म्हणून ओळखीत, आणि प्रेषित पौल तंबू करून आपलें पोट भरी. तरी मध्ययुगीन यूरोपांत ‘पाचारण’ या अर्थाचा लॅटिन शब्द मुख्यत्वें मठवासी व धर्मगुरु यांच्याच जीवनास लावीत असत. नांगर धरणारा आणि भाकरी भाजणारा हे प्रपंचांतले गणले जात. मार्टिन लूथर हे स्वतः १५०५ सालीं मठांत शिरलेले होते. त्यामुळें या समजुतीचा पगडा किती बळकट असतो हें त्यांस बाहेरच्या मनुष्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. पुढें त्यांचें मत पालटलें. १५२२ सालीं त्यांनीं नव्या कराराचें व १५३४ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांच्या लेखनापासून ‘बेरूफ’ हा शब्द, ज्यांत हांक मारण्याचा अर्थ आहे, तो सामान्य मनुष्याच्या कामधंद्यासही लागूं लागला. आजही जर्मन मनुष्य ‘तुमचा धंदा कोणता?’ असें विचारतांना हाच शब्द वापरतो, मग ती जुनी हांक त्याच्या ध्यानांत असो वा नसो.

लूथर यांचा विचार साधा आहे. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों. ती आकाशांतून पडत नाहीं. कोणी पेरतो, कोणी दळतो, कोणी भाजतो, तेव्हां ती आपल्या ताटांत येते. देणारा देव खरा, पण द्यावयाचे हात माणसांचे. म्हणून कामाचें मोल त्याला मिळणाऱ्या मानावरून ठरत नसून त्यानें शेजाऱ्याची कोणती गरज भागते यावरून ठरतें. ही कसोटी लाविली तर कांहीं मानाचे धंदे फार हलके ठरतील. पण तो विषय निराळा आहे.

काम कंटाळवाणें असेल तर काय करावें? सतराव्या शतकांत पॅरिस येथील कार्मेलाइट मठांत बंधु लॉरेन्स नांवाचे एक सेवक होते. पूर्वी ते शिपाई होते. मठांत त्यांच्या वांट्यास स्वयंपाकघर आलें, आणि त्या कामाचा त्यांना मुळांतच तिटकारा होता. ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, कारण ज्याला आपलें काम आवडतें तोच पाचारणाच्या गोष्टी बोलूं शकतो अशी पुष्कळांची समजूत असते. लॉरेन्स यांनीं सुमारें पंधरा वर्षें तें काम केलें, आणि भांड्यांच्या खडखडाटांतही प्रार्थनेच्या वेळेइतकाच ईश्वराचा सहवास आपणांस लाभतो असें ते सांगत. पुढें ते मठांतील वहाणा दुरुस्त करीत असत. १६९१ सालीं ते वारले. त्यांचीं पत्रें व संभाषणें नंतर छापण्यांत आलीं. तीं अद्याप वाचलीं जातात.

येथें आमच्या देशांतील वाचक थांबेल, आणि त्यानें थांबावेंच. ज्यानें त्यानें आपलें नेमलेलें कर्म करावें, हें आपण नव्यानें ऐकत नाहीं. याच बोलाच्या आधारानें चर्मकाराच्या मुलानें चर्मकारच राहावें असें पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें. मग पाचारण म्हणजे तीच बेडी काय? पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, सातव्या अध्यायांत, ज्या स्थितींत पाचारण झालें तींत राहावें असें आहे, आणि लूथर यांच्या लेखनांतही तो सूर पुष्कळदां ऐकूं येतो. तो आम्हांस पटत नाहीं. हांक व्यक्तीला येते, कुळाला नव्हे. आणि हांक ऐकून मनुष्य जागचा उठूंही शकतो.

विल्यम केरी साहेबांचें उदाहरण घ्या. ते १७६१ सालीं इंग्लंडांत एका विणकराच्या घरीं जन्मले व जोडे शिवण्याचा धंदा शिकले. काम करतां करतां त्यांनीं लॅटिन, ग्रीक इत्यादि भाषांचा अभ्यास केला. १७९३ सालीं ते बंगाल्यांत आले, आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश श्रीरामपूर येथें छापून काढिला. एका मेजवानींत कोणी त्यांस हिणविण्याकरितां जोडे बनविणारा म्हटलें, तेव्हां आपण बनविणारेही नव्हतों, केवळ फाटके जोडे सांधीत होतों, असें त्यांनीं उत्तर दिल्याची कथा आहे. पहिला धंदा त्यांनीं सोडला, पण त्याची लाज धरिली नाहीं.

आणखी एक सावधगिरी पाहिजे. ‘हें देवाचें काम आहे’ असें सांगून मजुरास थोडक्या पैशांत राबविणारे धनी सर्व काळीं असतात. अशांनीं याकोबाच्या पत्राचा पांचवा अध्याय वाचावा. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी तेथें ओरडत आहे, आणि ती ओरड देवाच्या कानीं गेली आहे. चाकरास पाचारण शिकविणाऱ्या धन्याचें स्वतःचें पाचारण पुरती मजुरी वेळेवर देण्याचें आहे.

राहतां राहिला विद्यार्थी. लूथर यांच्या मतें एका मनुष्यास एकाच वेळीं अनेक पाचारणें असतात. तो कोणाचा पुत्र, कोणाचा शेजारी, कोणाचा शिष्य असतो. तेव्हां दहावींतील मुलाचें पाचारण निकाल लागल्यावर सुरू व्हावयाचें नाहीं. धाकट्या भावास गणित समजावून देणें, आजीचें औषध आणणें, फळा पुसण्याची पाळी आपली असतां ती दुसऱ्यावर न ढकलणें, हीं त्यांतलींच कामें होत.